आळ्याचे मंगळवार

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता पुणे-नाशिक रस्त्यावर, आळेफाट्याच्या अलीकडे, संपतची गाडी डावीकडच्या शेतातून आलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. तो जागीच गेला. सकाळी निघताना तो मला म्हणाला होता, पुण्यातच मैदानावर सरावाला जातोय.

संपत माझा नवरा. क्रिकेट पाहणाऱ्यांना तो आठवत असेल. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची सात-आठ वर्षं तो देशाच्या संघात मधल्या फळीत खेळायचा, कधी आत, कधी बाहेर. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मूळची नागपूरची. मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही. त्याच्याबद्दलची कात्रणं मात्र मी तारीखवार लावून ठेवत असे. तो गेल्यावर एका वर्तमानपत्राने लिहिलं की इतक्या वेगाचे चेंडू ज्याला दिसायचे, त्याला दिवसाढवळ्या ट्रॉली कशी दिसली नाही, हे कोडंच आहे. तेही कात्रण मी कापून लावलं.

पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं. पॅड, ग्लोव्ह्ज, दोन बॅटी. एका डब्यात टेनिसचे अकरा चेंडू, प्रत्येक अर्धा तांबडा आणि अर्धा निळा, ऑइलपेंटने हाताने रंगवलेला. आणि घोडेगावच्या एका कापडदुकानाच्या पिशवीत चारेक किलो तांदूळ. घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं ठिकाण, आळेफाटा जुन्नर तालुक्यात. संपत मूळचा आंबेगावातल्या अवसरी बुद्रुकचा, पण अवसरीला जायचं तर तो मला सांगून जायचा. मग हा तांदूळ कुठून आला, आणि नाशिकच्या रस्त्यावर त्याचं काय काम होतं?

माझी बहीण एकदा चाचरत म्हणाली, "असेल कुणीतरी. आता तो विषय नको काढूस." मी विषय काढला नाही, पण तो गेलाही नाही. नोंद नसलेलं पुस्तक कपाटात सापडलं की ते कुठून आलं हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या माघात मी तीन दिवसांची रजा घेतली, चेंडूंचा डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

अवसरी बुद्रुक

लग्न झाल्यापासून अवसरीला मी सात-आठ वेळा तरी गेले असेन, पण दर वेळी कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर पूजेला. नटूनथटून जायचं, पाया पडायचं, संध्याकाळी परत. गाव म्हणून ते मी पाहिलंच नव्हतं. या खेपेला मंचरला उतरून रिक्षाने आत गेले तेव्हा दुतर्फा कांद्याची हिरवी पात उभी होती आणि मधूनमधून ऊस. रिक्षावाल्याने उसाकडे बोट दाखवून सांगितलं की परवाच यातून बिबट्या निघाला. आमच्याकडे विदर्भात वाघासाठी लोक जंगलात जातात. इथे बिबट्या बांधावर येऊन बसतो आणि रिक्षावाला ते शेजाऱ्याची म्हैस सुटल्यासारखं सांगतो.

धाकटे दीर बाळासाहेब शेती बघतात. अबोल माणूस. संपत गेला तेव्हा सगळं त्यांनी केलं, पण दिवस संपल्यावर ते पुण्याला एकदाही आले नाहीत. फोन केला की, "वहिनी, सुमनला देतो," म्हणून जाऊबाईंच्या हातात द्यायचे. मला वाटलं होतं, दुःख असेल.

"संपत खेळायला कुठे शिकला, ते दाखवता का?" मी विचारलं. ते जरा खुलले. गोठ्याच्या मागे नेलं. गोठ्याची भिंत आणि विहीर यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढी पट्टी. फलंदाजाने उभं राहिलं की विहीर उजव्या हाताला, आठ-दहा पावलांवर. तिला कठडा नव्हता.

"हितं एकच कायदा व्हता," भाऊजी म्हणाले. "जो हिरीत मारंल त्यानं उतरून काढायचा. पायऱ्यांवर ही शेवाळं. खाली पाण्यात पानदिवड साप. दादा दोनदा उतरला, मग म्हणला, बास. तवापासून बाहेरचा बॉल असू दे न्हाईतर कसा बी, त्यो इकडं गोठ्याकडंच वढायचा."

मी तिथेच उभी राहून हसले. संपतचा तो फटका प्रसिद्ध होता. उजव्या यष्टीच्या बाहेरचा चेंडू मनगट वळवून तो डावीकडे सीमेपार घालवायचा. माझ्याकडे त्याची निदान वीस कात्रणं असतील. मनगटांची दैवी देणगी, लवचीकपणा, पौर्वात्य शैली असं बरंच काही लिहिलेलं. विहिरीबद्दल कुणी लिहिलेलं नाही.

जेवायला सुमनने मासवडी केली होती. या भागात आलेल्या माणसाला मासवडी खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. बेसन शिजवून थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरायचं, गुंडाळी करून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापून तिखट रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायच्या. मासा त्यात कुठेच नाही. आमच्या नागपूरकडे पाटवडी असते, पण ती साधी, सारणाशिवाय. तसं म्हटल्यावर सुमन म्हणाली, "म्हंजी तुमच्यात नुसतं लुगडं, आमच्यात आत बाई बी असती."

सगळे हसत होते तेव्हा मी पिशवीतून एक चेंडू काढून भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवला.

"भाऊजी, हे कशाचे?"

त्यांचा हात भाकरीवर थांबला. "पोरांचं असंल काय तरी," ते म्हणाले. ताटात अर्धी भाकरी तशीच टाकून उठले आणि मोटर चालू करायची आहे म्हणून शेतात गेले. त्या वेळी वीज नव्हती.

सुमन ताटं गोळा करता करता म्हणाली, "ताई, त्यांच्यावर रागवू नका. त्यांनी बेलभंडार उचललाय."

मला ते नीट माहीत नव्हतं, तिने समजावलं. खंडोबासमोर उभं राहायचं, बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घ्यायची आणि शब्द द्यायचा. तो शब्द मोडायचा नाही. कोर्टात खोटं बोलतील, पण भंडारा उचलून नाही.

"कशाबद्दल?"

"त्ये मला बी न्हाई सांगितलं. एकदा लई खोदून इचारलं तर अंगावर आलं. दर मंगळवारी उठून ह्ये आळ्याला जायचं, दत्तूभाऊच्या मळ्यात. संपतभाऊजी बी तिथंच येत्यात एवढं मला कळलं व्हतं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "ताई, बाईबिई न्हाई हां. तसं काय मनात आणू नका. त्याला कोण भंडारा उचलतंय? त्ये तर गावात आपसूक कळतं."

दीड वर्षात पहिल्यांदा मला कुणी ते उघड बोलून दाखवलं होतं. मला बरं वाटलं, आणि लगेच प्रश्न अधिकच अवघड झाला. बाई नाही, तर मग देवासमोर शपथ घेऊन लपवावं असं काय होतं?

घोडेगावच्या वर

भाऊजी दुसऱ्या दिवशी पहाटेच बाहेर पडले होते. मी आळ्याऐवजी आधी तांदळाच्या मागे गेले. घोडेगाव तहसीलदार कचेरीचं गाव आहे. एसटी स्टँडवर दाखल्यांसाठी आलेली डोंगरातली माणसं आणि कचेरीत जाणारे कारकून एकाच टपरीवर चहा पितात, पण बाकं वेगळी. कापडदुकानदाराने पिशवी ओळखली. "आमचीच हाय. दिवाळीत वाटल्या व्हत्या." मी संपतचं नाव सांगितलं तसे ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "अवो, मग त्यांना तांदूळ देणारा एकच, लहू. दोघं शाळंत एका टीममदी व्हते. लहूचा डावा हात म्हंजी, पावणं, काय सांगू! पण त्याला कोण इचारतंय, डोंगरातला पोरगा."

लहूच्या वाडीला जायला एकच गाडी होती. ती मला धरणाच्या पाण्याच्या अलीकडे सोडून गेली. पुढे पायवाट. भात कापल्यावरही धरणाच्या पाण्याने ओल्या राहिलेल्या खाचरांच्या बांधावरून जाताना पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात बसले. एक चप्पल आत राहिली. वरून एक म्हातारी हे पाहत होती. ती खाली आली, कोपरापर्यंत हात घालून चप्पल काढली, धुतली, माझ्या हातात दिली आणि मग विचारलं, "कुनाकडं आलाय?" ती लहूची आई निघाली.

तिने माझे पाय गरम पाण्याने धुतले. मी नको नको म्हणत होते. नागपूरला आमच्या घरी पाहुण्याला पाणी देतात, त्याचे पाय धूत नाहीत. तिला ते नको म्हणणं कळलंच नाही. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्याच तांदळाचा भात. तांदूळ मी ओळखला. पोलिसांनी दिलेला मी शिजवला नव्हता, पण त्याआधी वर्षभर असाच भात आमच्या घरी शिजत होता. संपत म्हणायचा, मंडईत मिळाला.

लहू सरपण घेऊन आला. छत्तीस-सदतीस वर्षांचा, वाळलेल्या फांदीसारखा हडकुळा. मला पाहिल्यावर त्याने मोळी खाली ठेवली, पण मोळीजवळच उभा राहिला.

"वहिनी, तुमी कशाला तरास घेतला?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

त्याची आई चुलीपुढून म्हणाली, "त्यो न्हाई जायाचा कुठं. पयलं दर मंगळवारी कोंबडं आरवायच्या आदी उठून गाडीला पळायचा. मी म्हणायची, आरं, ह्या वयात कसली किरकेट? केस पिकलं की लेका!"

"आये, गप गं."

"मी कशाला गप? मी न्हाई काय उचललं."

तिलाही ठाऊक होतं तर. मी लहूला चेंडू दाखवला. त्याने तो हातात घेतला, दोन बोटांत फिरवला. बोटं आपोआप रंगाच्या रेघेवर बसली. मी त्याला विचारलं की तुम्ही टाकायला कुठे शिकलात. त्यावर तो बोलला. हिरड्याच्या दिवसांत शेंड्यावरची फळं काठीला लागत नाहीत, मग दगड मारून पाडायची. "नेम धरून सरळ मारला तर फांदी आडवी येती. म्हणून दगड वाकडा टाकायचा, म्हंजी फांदीच्या मागनं वळून जातोय. बॉल बी तसाच." घोडेगावच्या शाळेत त्याने संपतला तासन् तास असे वळणारे चेंडू टाकले. तिथून संपत जिल्ह्याच्या संघात गेला, मग राज्याच्या, मग परदेशी. लहू वाडीवर परत आला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, "वाटलं ना. दोन वर्सं. मग त्यो टीव्हीवर दिसायला लागला. बाहेर जाणारा बॉल त्यो सोडायचा तवा मला कळायचं, हा माझाच सोडला."

पण मंगळवारचं काही निघालं की तो जमिनीकडे पाहायचा. शेवटी म्हणाला, "तुमी उद्या आळ्याला चाललाय ना? मी बी येतो. आमी तिघांनी मिळून उचललाय. तिघं असल्याबिगर माझ्या तोंडातनं काय निघायचं न्हाई."

आळे

आळेफाटा सगळ्यांना माहीत असतो. नाशिकला, नगरला, कल्याणला जाणाऱ्या गाड्या तिथे वळतात. ज्या गावावरून त्याला नाव पडलं ते आळे मात्र फार कुणी पाहिलेलं नसतं. मोठं शेतकरी गाव आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे. लहूने आधी मला तिथे नेलं. स्वच्छ, शांत देऊळ. एका प्राण्याची समाधी इतक्या मायेने सांभाळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. बायका नमस्कार करताना दगडावरून हात असा फिरवत होत्या, जसा गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

दत्तूचा मळा गावाबाहेर. दत्तू अंगाने आडवा, मोठ्या आवाजाचा, संपतचा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी आणि सुमन आधीच येऊन बसले होते. लहूने कुठून तरी फोन केला असावा. चहा झाला. कांद्याच्या भावाबद्दल बोलून झालं. मी डबा उघडून चेंडू खाटेवर ओतले.



"दत्तूभाऊ," मी म्हटलं, "तो गेला त्या दिवशी तो इथूनच निघाला होता ना?"

"वहिनी," दत्तू म्हणाला, "ह्या गावात रेडा बोलला. आमी माणसं हाय, आमाला गप बसाय येतं." त्याने विनोद केला होता, पण त्याला हसू आलं नाही. "त्याला शब्द दिलाय. त्यो असता तर म्हणलो असतो, सोड बाबा आता. त्यो न्हाई. मग शब्द परत करायचा कुणाला?"

"मला करा."

"तुमाला न्हाई सांगायचं, ह्योच तर शब्द व्हता."

हे ऐकून सुमनने कपाळावर हात मारला. पण ते तिघे खरंच अडकले होते. मला त्यांचा राग आला होता, आणि तरीही त्या अडचणीबद्दल मला कुतूहल वाटत होतं. पुस्तकांत शपथा मोडतात, पाळतात, त्यांचे परिणाम होतात. इथे दोन पावलांवर शपथ घेतलेली माणसं चहाच्या बशा हातात घेऊन बसली होती आणि त्यांना पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं.

दत्तूने खाटेवरचा एक चेंडू उचलून हातात घेतला. मग म्हणाला, "बाळासाहेब, आण तोंडाची घेतली का हाताची?"

"म्हंजी?"

"सांगायचं न्हाई, असं म्हणलो आपुन. दाखवायचं न्हाई असं कोण म्हणलं व्हतं?"

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग लहूकडे. लहूने खाली पाहून मान हलवली, होकारार्थी.

कांद्याच्या चाळीमागे सिमेंटची एक पट्टी होती, बावीस यार्डांची, तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी. जाळीवर वेल चढले होते. दत्तूने माझ्या हातात बॅट दिली. मी जन्मात बॅट धरली नव्हती, घरात इतक्या असून. मग त्याने खांद्यावरचा रुमाल सुमनला दिला आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. सुमनने माझा चष्मा काढला, डाव्या डोळ्यावर रुमाल घट्ट बांधला आणि चष्मा पुन्हा वर चढवला.

"वहिनी, हलकाच टाकतो," लहू म्हणाला.

चेंडू आला. मला तो दिसत होता, स्पष्ट दिसत होता. मी बॅट फिरवली तेव्हा तो मागच्या जाळीत जाऊन पडलाही होता. दुसरा मी लवकर मारला आणि तो नंतर येऊन गुडघ्याला लागला. चेंडू दिसत होता, पण किती लांब आहे ते कळत नव्हतं.

"रंग?" लहूने विचारलं.

"निळा."

"तांबडा पुढं व्हता. परत."

सहा-सात चेंडूंनंतर एकदा रंग बरोबर आला. बॅटला एकही लागला नाही. मी त्याच्या पुढच्या चेंडूची वाट पाहत समोर बघत राहिले. समोर कुणी नव्हतं. मी उभीच. आणि एकाएकी माझ्या डाव्या कोपराला काहीतरी लागलं. मी दचकून ओरडले. लहू माझ्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर उभा होता. तो चालत तिथवर आला होता, उघड्यावर, ऊन असताना, आणि मला दिसला नव्हता.

मी रुमाल सोडला.

"ट्रॉली डावीकडून आली होती," मी म्हटलं.

दत्तू पाठ फिरवून जाळीला धरून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, त्याची पाठ हलत होती. भाऊजी बांधावरच्या लिंबाखाली गेले. तिथे शेंदूर लावलेलं खंडोबाचं ठाणं होतं. डबीतला भंडारा त्यांनी चिमूटभर घेतला, परत आले आणि माझा तळहात पुढे करायला सांगून त्यावर ठेवला. "ज्याच्यासाठी उचलला त्यो गेला," ते म्हणाले. "तुमाला आपसूक कळलं. आता ह्यो तुमच्याकडं. देवाला काय म्हणायचं त्ये मला म्हणू दे."

मग ते बोलले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

परदेशातल्या एका दौऱ्यात संपतला उसळता चेंडू हेल्मेटच्या जाळीतून लागला होता. भुवईवर चार टाके पडले, ते मी पाहिले होते. डोळ्याचा आतला पडदा फाटला होता, ते मला माहीत नव्हतं. ज्या डॉक्टरांना त्याने गुपचूप दाखवलं त्यांनी सांगितलं, डावा डोळा परत यायचा नाही, खेळ सोडा, उजव्याला लागलं तर संपलं. तो पुण्याला आमच्या घरी न येता थेट इथे आला. या पट्टीवर उभं राहून म्हणाला, मला परत खेळायला शिकवा.

आणि यांनी शिकवलं. दर मंगळवारी. रंगवलेले चेंडू, आधी सोळा यार्डांवरून, मग बावीस. लहू टाकायचा, दत्तू मागे उभा राहायचा, भाऊजी डावीकडून मध्येच चेंडू फेकायचे, मान वळवायची सवय लागावी म्हणून. खांदा समोर ठेवून उभं राहिलं तर उजव्या डोळ्याला नाक आडवं येतं, म्हणून त्याने छाती गोलंदाजाकडे केली. त्या बदललेल्या पवित्र्याची कात्रणं माझ्याकडे आहेत. समालोचकांना तो धाडसी वाटला होता. त्याच पवित्र्याने त्याने मायदेशात कसोटी शतक काढलं. ते या तिघांनी दत्तूच्या टीव्हीवर पाहिलं, दार लावून.

"आन् डोळं तपासायचा तक्ता?" दत्तू नाक पुसत म्हणाला. "सगळ्या वळी पाठ केल्या पठ्ठ्यानं. खालपासनं वर, वरनं खाली. शाळंत एक कविता कधी पाठ झाली न्हाई त्याची!"

मी हसले. मग मला आठवलं. त्या काळात तो चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतायचा. दोनदा, तीनदा. मी म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुझं? तो फडकं घेऊन पुसायचा. आठ वर्षं मी त्याच्याबद्दल छापून आलेला शब्द न् शब्द वाचला होता.

"गाडी चालवू नको म्हणलो व्हतो मी," लहू म्हणाला. "यष्टीनं ये म्हणलो. मी येतोच की तीन गाड्या बदलून. तर म्हणला, यष्टीत लोकं वळखत्यात, इचारत्यात, कुठं निघाला. त्या दिवशी बी म्हणलो." तो थांबला. "पण तुमाला एक फोन न्हाई केला मी. भंडारा मधी आला."

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते उघड होतं. मी दोष देईन या धास्तीनेच दीड वर्ष ते तिघे मला टाळत होते. मी काही चांगलं बोलले असते तर त्यांना हलकं वाटलं असतं. मला ते जमलं नाही. मी एवढंच विचारलं, "त्याने मला का नाही सांगितलं? मी आरडाओरडा केला असता असं वाटलं त्याला?"

भाऊजींनी मान हलवली. "न्हाई. उलट. मी इचारलं व्हतं. त्यो म्हणला, तिला सांगितलं तर ती वरडणार न्हाई. ती शांत बसंल, सगळं समजावून सांगंल, आणि मला पटंल."

दत्तूच्या बायकोने जेवायला हाक मारली. आम्ही जेवलो. पिठलं होतं, पातीचा कांदा होता. आता कुणी कुणाला टाळत नव्हतं. निघताना लहू फाट्यापर्यंत आला आणि एसटीत माझी खिडकीची जागा धरून देऊन मग उतरला.

आता दर मंगळवारी सकाळी भाऊजींचा फोन येतो आणि ते सुमनकडे देत नाहीत. आम्ही पावसापाण्याचं बोलतो. त्या तिघांना मी दोष देत नाही, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही, कारण काही दिवस मी देते. संपत मंगळवारी कुठे जायचा ते मला माहीत आहे. का सांगायचा नाही तेही माहीत आहे. त्याने सांगितलं असतं, तर त्याचा तो शेवटचा खेळ मी थांबवला असता की नाही, हे मला माहीत नाही.